घोड्यासह डोंगरात मुक्काम: आधी दोर, मग तंबू

मुंबईकराची घोड्याशी ओळख असते ती माथेरानला दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत. तासाभरात आपण उतरतो, पैसे देतो, संपलं. पण त्याच जनावरासोबत रात्र काढायची, तर कामाचा क्रम उलटा होतो: आधी घोड्याची सोय, मग आपली.

१. जागा ठरवा. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय राहू नका. १९२७च्या भारतीय वन कायद्यात ‘गुरं’ म्हणजे घोडा, घोडी, तट्टूसुद्धा. आणि राखीव वनात ती चारणं किंवा विस्तव पेटवणं हा गुन्हा आहे. त्यापेक्षा कर्जत-नेरळकडे एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या माळावर उतरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे.

२. घोडा भाड्याने घ्या, घोडेवाल्यासकट. “मामा, हा रात्री उघड्यावर राहतो का?” हे आधी विचारा. चारही खूर उचलून नाल हलवून बघायला लावा. एक जरी खुळखुळली, तरी नालबंदाकडून बसवून घेतल्याशिवाय निघू नका.

३. दाणापाणी. साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला पाच ते सात किलो वाळलेलं गवत लागतं. चंदी (दाण्याचा खुराक) तोंडाला बांधायच्या तोबऱ्यातून, पण रोजचीच. हौसेने नवीन काही चारलंत तर पोट बिघडेल. खरं घोडं पेंड खातं ते पाण्यापाशी. दिवसाला पंचवीस-तीस लिटर, उन्हात जास्तच. जानेवारीनंतर बरेच ओढे आटलेले असतात, म्हणून विहीर कुठे आहे ते दिवसाउजेडी बघून ठेवा.

४. बांधणी. आमची पहिली रात्र इथेच फसली. करंजाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर लांब दोर बांधून आम्ही खिचडीकडे वळलो. अर्ध्या तासात दोराचा वेढा पुढच्या पायात. बिचारा थरथरत उभा, आणि गाठ अशी आवळलेली की शेवटी कोयत्याने दोर कापावा लागला.

तेव्हापासून दोन भक्कम झाडांमध्ये, घोड्याच्या डोक्याच्या वर, जाड दोर ताणून बांधतो. साल सोलली जाऊ नये म्हणून दोराखाली पोत्याची घडी. मोहरकी म्हणजे घोड्याच्या डोक्यात अडकवलेला पट्टा. तिचा दोर त्या आडव्या दोराला मधोमध, बुंध्यापासून सहा-सात फूट लांब. नाहीतर रात्रभर टापांनी मुळं उकरतो. लांबी एवढीच, की तोंड गवताला पोचेल पण पाय अडकेल असा झोल राहणार नाही. गाठ एका झटक्यात सुटणारी हवी. ती घरी खिडकीच्या गजाला बांधून-सोडून हात बसवा. शेजारी हसतील.

जवळ कण्हेर असेल तर जागाच बदला, तिची थोडी पानंही घोड्याच्या जिवावर बेततात.

५. रात्री एक-दोनदा उठून बघा. उभ्या-उभ्या पेंगत असेल तर ठीक. पण पुन्हापुन्हा पोटाकडे वळून पाहतोय, पाय आपटतोय, लोळतोय, तर तो पोटशूळ समजा. खायला देणं बंद करा आणि लगेच पशुवैद्याला फोन लावा. म्हणून मोबाइलला रेंज आहे ना, हे तंबू ठोकण्याआधी तपासायचं. अंधारात मागून जाऊ नका. आधी हाक द्या, मग खांद्याकडून जवळ जा.

६. सकाळी लीद गोळा करून शेतकऱ्याला विचारा, बहुतेक तो खतासाठी ठेवून घेतो. मग खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं. खोगीर ठेवण्याआधी पाठीवरून उघडा तळवा फिरवा. कुसळ, खडा, काहीही हाताला लागलं की काढा, आणि खोगिराखालचं कांबळंही झटकून घ्या.