स्टेरॉइड ‘लागू पडत नाही’ म्हणण्याआधी: आयबीडीत या चुका टाळा

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होऊन आठवडा झाला, तरी शौचावाटे रक्त जातंय. अशा वेळी अल्सरेटिव्ह कोलायटिसचा (मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन दाह; आयबीडी म्हणजे आतड्याच्या अशा दाहाच्या आजारांचा गट) रुग्ण स्वतःच निकाल देऊन मोकळा होतो: ‘मला स्टेरॉइड लागूच पडत नाही.’ स्टेरॉइडला दाद न देणारा आजार खरोखर असतो. पण हा शिक्का फार घाईने मारला जातो, आणि तो खरा ठरल्यावर पुढचं पाऊल उचलायला मात्र फार उशीर होतो.

लगेच रिसेप्टरला दोष देणं

स्टेरॉइड पेशीत शिरलं की तिथल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. ही जोडी पेशीकेंद्रात जाते आणि एनएफ-कप्पा-बीसारख्या, दाह पेटता ठेवणाऱ्या प्रथिनांना आवर घालते. हे काम रिसेप्टरचा अल्फा प्रकार करतो. बीटा प्रकाराला स्टेरॉइड चिकटत नाही, उलट प्रयोगशाळेत तो अल्फाच्या कामात अडथळा आणताना दिसतो. स्टेरॉइडला न जुमानणाऱ्या कोलायटिसच्या काही रुग्णांच्या रक्तपेशींत हा बीटा सापडलाही आहे. याखेरीज पेशीच्या आवरणावरचा पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप औषध बाहेर फेकतो, तोही संशयित आहे. विषय विलक्षण आहे, पण अजून संशोधनातच आहे. रिसेप्टर मोजून उपचार ठरवण्याची पद्धत रोजच्या वैद्यकात रूढ नाही. त्या तपासणीमागे धावू नका.

औषध नीट पोहोचलं का, हे न पाहणं

प्रौढांना साधारणपणे रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन देतात. चेहरा सुजेल या भीतीने कुणी परस्पर निम्मीच गोळी घेतं, कुणी दिवसाआड. मग औषधाची परीक्षा झालीच नाही. रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरचं औषध चालू असेल तर यकृत प्रेडनिसोलोन लवकर मोडून टाकतं, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. ब्युडेसोनाइड या दुसऱ्या स्टेरॉइडची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा सुमारे ९० टक्के भाग यकृतात पहिल्याच फेरीत निकामी होतो, म्हणून दुष्परिणाम कमी. पण ते जिथे सुटतं तिथेच मुख्यतः काम करतं. लहान आतड्याच्या शेवटासाठी बनवलेली कॅप्सूल डाव्या बाजूच्या कोलायटिसला पुरी पडणार नाही.

दुसरं कारण न शोधणं

सी. डिफिसिल हा जिवाणू, सायटोमेगालोव्हायरस हा विषाणू आणि आतड्याचा क्षयरोग ही तीन नावं विसरू नका. पहिल्यासाठी शौचाची तपासणी, दुसऱ्यासाठी आतड्याची बायोप्सी. क्षयरोग तर हुबेहूब क्रोन्ससारखा (आयबीडीचाच दुसरा प्रकार) दिसतो आणि स्टेरॉइडने बळावतो. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातला दाह दाखवणारं प्रथिन) नॉर्मल असेल, तर जुलाब दाहामुळेच होताहेत का, हा प्रश्न डोस वाढवण्याआधी विचारायला हवा.

वाट पाहत बसणं

तीव्र कोलायटिसमध्ये शिरेतून स्टेरॉइड सुरू केल्यावर तिसरा दिवस निर्णायक असतो. ऑक्सफर्डच्या १९९६ च्या अभ्यासात तिसऱ्या दिवशी दिवसाला आठहून अधिक वेळा शौचाला होणाऱ्या, किंवा तीन ते आठ वेळा होऊन सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) ४५ च्या वर असणाऱ्या रुग्णांपैकी ८५ टक्के जणांवर त्याच मुक्कामात मोठं आतडं काढण्याची वेळ आली. तेव्हा इन्फ्लिक्सिमॅब हे दाह आवरणारं बायोलॉजिक औषध हाताशी नव्हतं. आज ते आहे, प्रतिकारशक्ती आवरणारं सायक्लोस्पोरिनही आहे. म्हणून शौचाची नोंद घरच्यांनी वेळेसकट लिहून ठेवावी. ‘जरा बरं वाटतंय’ यावरून काही ठरवता येत नाही. ‘अजून चार दिवस बघू’ हे वाक्य इथे मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

बरं वाटतंय म्हणून चालूच ठेवणं

स्टेरॉइड आजार शांत करतं, पण त्याला शांत ठेवत नाही. सुरू केल्यापासून तीन महिन्यांत डोस १० मिलिग्रॅमच्या खाली येत नसेल, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांत आजार उलटत असेल, तर ते स्टेरॉइडवरचं अवलंबित्व. अशा वेळी अॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती आवरणारं औषध) किंवा बायोलॉजिक औषधांचा विषय तुम्ही स्वतःहून काढा. अॅझाथायोप्रिनचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे निर्णय लांबवला की तेवढा काळ स्टेरॉइडवरच जातो. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचंही विचारून घ्या.

आणि काही आठवडे घेतलेली गोळी एकदम कधीच बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अॅड्रिनल ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं गंभीर काहीही होऊ शकतं. डोस टप्प्याटप्प्यानेच, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळापत्रकानुसार उतरवा. मध्येच कसलीही शस्त्रक्रिया ठरली, तर स्टेरॉइड चालू असल्याचं भूलतज्ज्ञांना आधी सांगा.