किनाऱ्यावरचे दगड प्रयोगशाळेत देण्याआधी: मीठ काढलंत का?

हातोडा, छिन्नी, भिंग यांची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी गाठा, पाणी तेव्हाच सर्वांत लांब हटतं. चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा, एक पिशवीच्या आत, एक बाहेर. बॉलपेनची शाई ओलीने पसरते.

आता मीठ. मागच्या खेपेला सगळं झालं आणि नेमकं हेच राहिलं. किनाऱ्यावरच्या दगडाच्या छिद्राछिद्रांत मीठ मुरलेलं असतं. तशीच भुकटी क्ष-किरण विवर्तनाला, म्हणजे क्ष-किरणांनी खनिजं ओळखण्याच्या चाचणीला दिली, की तांब्याच्या नळीवर (तांब्यापासून निघणारे क्ष-किरण वापरणाऱ्या यंत्रावर) आलेखात ३१.७ अंशांपाशी मिठाचं शिखर उभं राहतं आणि शेजारची बारीक शिखरं त्यात बुडतात. रासायनिक पृथक्करणात सोडियमचा आकडाही खोटा येतो. शिंपल्यांच्या दगडाचं तर त्याहून वाईट. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक धरतं, आणि कपाटात ठेवलेल्या शिंपल्याचा वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून येतो.

म्हणून आधी एक तुकडा न धुता बाजूला ठेवा, तुलनेला लागतो. उरलेला नमुना दसपट पाण्यात बुडवा आणि पाणी रोज बदला. शेवटची पाणी ऊर्ध्वपातित हवीत, कारण किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी खुद्दच मचूळ असू शकतं. मग परीक्षानळीत धुण्याचं थोडं पाणी घ्या, सौम्य नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाका, त्यानंतर सिल्व्हर नायट्रेट. दुधाळ झालं तर मीठ आहे. आम्ल वगळू नका, शिंपल्यांतला कार्बोनेटही गढूळपणा आणतो आणि फसवतो. हातमोजे घाला, सिल्व्हर नायट्रेटने कातडी काळी पडते. एकदा पाणी स्वच्छ दिसलं म्हणून थांबू नका. दगड रात्रभर नव्या पाण्यात ठेवा आणि पुन्हा तपासा, आतलं मीठ उशिरा बाहेर येतं.

सगळंच मात्र भिजवायचं नाही. ठिसूळ, मातकट जांभा पाण्यात सुटतो. रत्नागिरीकडे जांभ्याखाली विहिरी खणताना मिळणारं काळं लाकूड धुऊ नका, वाळवूही नका, ओलसर फडक्यात गुंडाळून द्या. वाळलं की तडकतं, आणि त्यात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर दमट हवेत आम्ल सुटून पिवळसर-पांढरी भुकटी धरते.

जांभा ४० अंशांच्या वर तापवू नका, चिकणमातीच्या खनिजांतलं पाणी निघून जातं आणि ओळख चुकते. दळायला लोखंडी खलही नको, अगेटचा (अकीक दगडाचा) घ्या. जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे तांब्याच्या नळीवर आलेखाची पार्श्वभूमी चढते. प्रयोगशाळेला आधीच सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा पातळ काप काढण्याआधी जांभ्यात निर्वातात इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) मुरवून घ्या, नाहीतर ०.०३ मिलिमीटरला येईपर्यंत हातात चुराच राहील.

काळी वाळू साध्या लोहचुंबकाने विलग करा. मॅग्नेटाइट चिकटेल, इल्मेनाइट बहुतेक मागेच राहील. खाडीचा गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवा, म्हणजे आधीच्या नमुन्यातले अडकलेले फोरॅमिनिफेरा (कवचवाले सूक्ष्म एकपेशीय जीव) निळे दिसतील.

क्रमांक, वजन, पिशवी, पत्ता. आणि परीक्षानळी दुधाळ होत असेल तर पेटी अजून बंद करू नका.