कुठल्या गावी कुठली पर्स न्यावी: स्टॉल लावणाऱ्या मैत्रिणींसाठी

पर्स शिवायला शिकवणारे वर्ग आता गल्लोगल्ली निघालेत. शिवलेली पर्स खपवायची कुठे, हे मात्र तिथे कुणी सांगत नाही. मी पुण्यात शिवते आणि दादर, डोंबिवली, कोल्हापूर, रत्नागिरी, नागपूर असे स्टॉल लावत फिरते. नव्याने धंद्यात आलेल्या बायका हमखास विचारतात, "ताई, यंदा काय चालतंय?" मी उलट विचारते, कुठे चालतंय आणि कुणाच्या खांद्यावर? गिऱ्हाईक घरातून निघून कामावर कसं पोचतं एवढं कळलं, की पर्सचं निम्मं माप हातात आलं. वय त्यानंतर बघायचं. रंग सगळ्यात शेवटी, जरी आपण सगळ्या सुरुवात रंगापासूनच करत असलो तरी.

मुंबईचा माल शिवताना लोकल डोळ्यांसमोर ठेवा. कल्याण किंवा विरारकडून येणारी बाई डबा, पाण्याची बाटली, तीन घडीची छत्री, पास, चार्जर आणि परतीच्या गाडीत निवडायची मेथी घेऊन निघते. डबा आडवा झाला की आमटी सांडली. म्हणून तळाची रुंदी 12 सेंटिमीटर तरी हवी आणि तळात कडक पट्टी हवी. पुठ्ठा घालू नका, एका पावसात लगदा होतो. प्लॅस्टिकची पट्टी घाला. वरची चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद झाली पाहिजे. मोबाइलचा कप्पा आत, तोही अंगाकडच्या बाजूला. बाहेरचा कप्पा दिसतो छान, पण गर्दीत तो आपला राहत नाही. पट्टे दोन आणि मध्यम लांबीचे ठेवा, म्हणजे खांद्यावर नीट बसतात आणि जागा मिळाली तर हुकालाही अडकवता येतात. लांब पट्ट्याची स्लिंग उतरताना कुणाच्या तरी बॅगेत अडकते आणि मग दोघींची भांडणं. पट्ट्याच्या मुळाशी चौकोन शिवून आत फुली मारा. मुंबईची बाई पट्टा आधी ओढून बघते, मग भाव विचारते.

हीच पर्स पुण्यात पडून राहते. पुण्याचा प्रश्न एकच असतो: "डिक्कीत मावेल का?" स्कूटरवर दोन्ही हात गुंतलेले, तोंडाला स्कार्फ, त्यामुळे तिरकी अडकवायची पर्स हवी. पट्टा कमीजास्त करता आला पाहिजे, साधारण 110 ते 140 सेंटिमीटर, कारण तीच पर्स आज साडीवर आणि उद्या जीन्सवर जाणार असते. गोंडे, झिरमिळ्या लावायचा मोह आवरा. चालत्या गाडीवर ते धोक्याचं आहे. खण, इरकल, पैठणीचा काठ यांना पुण्यात आणि ठाणे-डोंबिवलीकडे चांगली मागणी आहे. खणाचा पन्हा अरुंद असतो, तेव्हा जोड कुठे येणार ते कापण्याआधी ठरवा आणि तुकडा भिजवून रंग जातो का ते बघा.

कोल्हापुरात खणावर फार भिस्त ठेवू नका. खण विणणारं गुळेदगुड्ड हे गाव कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं, आणि कोल्हापूरकडच्या आज्या-माम्यांच्या चोळ्या खणाच्याच असायच्या. त्याच कापडाची पर्स तिथल्या बाईला अप्रूपाची वाटत नाही. तिला चामडं कळतं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या गिऱ्हाइकाची पारख त्याच्या कितीतरी आधीची. ती पर्स उलटी करते, कड बघते, वास घेते. रेक्झिनला लेदर म्हणालात तर ती काही न बोलता पुढच्या स्टॉलवर जाते. 'रेक्झिन आहे, पण अस्तर बघा' असं सरळ सांगा. खपते.

कोकणात पाऊस हाच तुमचा गिऱ्हाईक. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात खारी हवा. धातूची चेन गंजते, चामड्याला बुरशी येते आणि स्वस्त पीयूचे, म्हणजे नकली चामड्याचे, दमट हवेत काही काळाने पोपडे निघू लागतात. तिथे नायलॉनची किंवा प्लॅस्टिकच्या दातांची चेन लावा आणि आत पाणी न झिरपणारं अस्तर घाला. फिके रंग घरीच ठेवा. नागपूरचं याच्या उलट, तिथे शत्रू ऊन. मे महिन्यात डिक्कीत राहिलेलं रेक्झिन तापतं आणि गोंदाने चिकटवलेली किनार सुटते, म्हणून किनार शिवूनच घ्या. कॅनव्हास आणि जाडा सुती कपडा तिकडे बरा.

आता वय. कॉलेजच्या मुली सगळीकडे सारख्याच, कारण त्या गावाकडे कमी आणि मोबाइलकडे जास्त बघतात. त्यांना कॅनव्हासची टोट हवी, चेन नसली तरी चालते, पण वही आणि लॅपटॉप मावला पाहिजे. नाहीतर एकदम उलट, फक्त फोन मावेल एवढी स्लिंग. त्यांचं मन दोन महिन्यांत बदलतं, म्हणून एका नमुन्याचे ढीग शिवू नका. तिशी-चाळिशीची बाई ही खरी कसोटी. ती पर्समध्ये स्वतःबरोबर पोराचं सामानही वाहते आणि तिला कप्पे मोजून हवे असतात. मात्र आत कप्पेच कप्पे झाले की काहीच सापडत नाही. तीन पुरेत, त्यात एक चोरकप्पा.

सगळ्यात दुर्लक्षित गिऱ्हाईक साठीच्या पुढचं, आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक. काकू पर्स हातात घेतात ती आधी वजनासाठी. रिकामी पर्सच जड लागली तर संपलं, म्हणून जाड बक्कल आणि साखळ्या टाळा. बोटं आखडलेली असतात, टिचबटण लागत नाही; रनरला मोठा गोंडा किंवा कापडाची पट्टी बांधा. चुंबकाचं बटण सोयीचं, पण पेसमेकर असलेल्या बाईला ते देऊ नका. काखेत धरलेली पर्स छातीला लागून असते आणि चुंबक पेसमेकरपासून लांब ठेवायचा असतो. काळं अस्तरही नको, त्यात काळं पाकीट दिसत नाही. पिवळं किंवा पांढरं घाला.

तालुक्याच्या गावी स्टॉल असेल तर आणखी एक गोष्ट. एसटीत बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांपुढच्यांना प्रवास फुकट, पण वयाचा पुरावा म्हणून कार्ड दाखवावं लागतं. वाहक समोर उभा, मागे लोक खोळंबलेले आणि आजी पिशवीत आधार कार्ड शोधताहेत. बटव्याला बाहेरून पारदर्शक खिडकी द्या, आत पासबुक मावेल एवढा कप्पा आणि सुट्ट्या पैशांना वेगळी चेन. असा बटवा आजी स्वतः क्वचितच घेतात. मुली आणि सुना घेतात, आणि एक घेतला की सासूसाठी, आईसाठी दुसराही नेतात.

संक्रांतीचं गणित निराळं. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाला वाण लागतं आणि तिथे वय, गाव काही बघायचं नाही. सगळ्यांना एकसारखे, छोटे, स्वस्त बटवे हवेत, डझनाच्या हिशेबात. नोव्हेंबरातच शिवायला बसा. खणाचे उरलेले तुकडे इथे कामी येतात. फक्त एका गठ्ठ्यातले रंग फार वेगळे ठेवू नका, नाहीतर 'मला तो हिरवा हवा होता' यावरून यजमानीणबाईंची पंचाईत होते.

पहिल्यांदा नव्या गावी जाताना सगळा माल नेऊ नका. चार-पाच नमुने, प्रत्येकाचे थोडे नग, आणि एक वही. विकलेल्या पर्सपुढे वय अंदाजाने लिहा आणि ती कशाने आली तेही विचारून लिहा: रिक्षा, स्कूटर, एसटी, चालत. न विकलेल्या पर्सबद्दल बायका काय म्हणाल्या तेही टिपा, कारण "बघून येते" म्हणून गेलेली बाई सहसा पट्ट्यावर नाहीतर चेनवर अडलेली असते. टेबलाखाली पक्कड, चार मापांचे रनर आणि दाभण ठेवा. दुसऱ्याकडून घेतलेल्या पर्सचा रनर फुकट बदलून दिलात तरी चालेल. तोवर ती बाई तुमच्या टेबलासमोर उभी असते आणि हात मोकळे असतात.