‘सुरी’ तेवढी ऐकू यावी: ‘ब्लॅकमेल’मधला प्रसंग माजघरात कसा करायचा

कोल्हापुरात 1 जून 1929 रोजी प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. त्याच महिन्यात लंडनमध्ये आल्फ्रेड हिचकॉकचा ‘ब्लॅकमेल’ पहिल्यांदा दाखवला गेला. मूळ नाटक चार्ल्स बेनेटचं. मूकपट म्हणून सुरू झालेलं हे काम मध्येच बोलपट झालं, आणि त्यातल्या न्याहारीच्या प्रसंगाइतका आवाजाचा चांगला धडा नवशिक्याला दुसरा मिळणं कठीण. रात्री पाव कापायच्या सुरीनं एका चित्रकाराचा जीव घेतलेली अ‍ॅलिस सकाळी टेबलाशी बसली आहे. शेजारीण त्याच खुनाबद्दल बडबडतेय. हळूहळू तिचे शब्द पुसट होतात, फक्त ‘सुरी’ हा शब्द लख्ख ऐकू येतो. आज हे फोन आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरवर एका दुपारी करता येतं.

मराठीत करताना ‘चाकू’ नको, ‘सुरी’च घ्या. ‘स’चा सीत्कार उंच पट्टीतला असतो. बाकीची बडबड बोदी केली की तो पात्यासारखा वर येतो. बेकरीतून न कापलेला पाव आणा. मिसळीबरोबरचे स्लाइस इथे उपयोगाचे नाहीत, कारण अ‍ॅलिसच्या जागी असलेल्या मुलीच्या हातात सुरी असण्याला कारण हवं. सुरी मात्र बोथटच घ्या.

शेजारणीला आधी बोलताना दाखवा, म्हणजे आवाज कुणाचा हे कळतं. त्यानंतर कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावरून हलवू नका. शेजारणीचे ओठ पुन्हा दिसले की कारागिरी उघडी पडते. तिनं घाबरवणाऱ्या सुरातही बोलायचं नाही. मूळ चित्रपटात तिला विटेनं डोकं फोडलेलं चालतं, सुरी तेवढी खटकते! तिचा पाणवठ्यावरचा सूर तसाच ठेवा: “सुरीनं मारलं म्हनं, काय बाई तरी!”

ध्वनिमुद्रण चित्रीकरणाच्या वेळी करू नका. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरात रिक्षा आणि कुकरच्या शिट्ट्या त्यात येणारच. खिडक्या लावा, पंखा बंद करा, माइक तोंडापासून एक वीत आणि जरा तिरका ठेवा. आधी एक मिनिटाची सलग बडबड घ्या. मग त्याच जागी, तेवढ्याच अंतरावरून ‘सुरी’ सहा वेळा सुटी म्हणून घ्या. सलग बोलण्यातून हा शब्द कापला तर शेजारच्या शब्दाचं शेपूट बरोबर येतं. शेवटी खोलीतली नुसती शांतता तीस सेकंद मुद्रित करा. जोडांखाली ती पसरली नाही तर प्रत्येक कापाला हवा तुटल्यासारखी वाटते.

आता बडबडीवर लो-पास फिल्टर (ठरावीक पट्टीच्या वरचे आवाज अडवणारा) लावा, पण एकदम नाही: पहिला तुकडा 2000 हर्ट्झ, दुसरा 1000, पुढचा सगळा 500, आणि पातळी बारा डेसिबलनं खाली. 300च्या खाली गेलात तर बाईच्या आवाजाचा नुसता गुणगुणाट उरतो, माणूस बोलतंय हेच कळत नाही. सुटे ‘सुरी’ फिल्टरशिवाय बसवा. अंतर कमी करत जा: सहा सेकंद, मग चार, तीन, दोन, एक. प्रत्येक शब्दाच्या शेवटी वीस-तीस मिलिसेकंदांचा उतार (फेड-आउट) द्या, सुरुवातीला देऊ नका. तिथे दिलात तर ‘स’ खाल्ला जातो आणि ‘उरी’ ऐकू येतं. सहावी ‘सुरी’ तीन डेसिबलनं वर घ्या. तिच्यावरच मुलीचा हात दचकतो, सुरी उडते. शहाबादी फरशीवरचा खणखणाट वेगळा मुद्रित करून त्याच क्षणी लावा. लगेच बापाचा साधा, पूर्ण स्वच्छ आवाज यायला हवा: “अगं, कुनाला लागलं असतं की!” तो अगदी रोजचा वाटला, तरच आधीचं सगळं तिच्या डोक्यात चाललं होतं हे प्रेक्षकाला उमगतं.

तपासणी फोनच्या स्पीकरवर करू नका. त्यातून 500च्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही, त्यामुळे बडबड गायब होते आणि चुकून फिल्टर वर नेला जातो. हेडफोनवर ऐका. शाहू स्मारकाच्या सभागृहात दाखवणार असाल तर तिथल्या स्पीकरवर, मागच्या रांगेत बसून एकदा ऐका. सभागृहाच्या घुमण्यानं बोदा आवाज आणखी पसरतो. तसं झालं तर बडबड अजून दोन-तीन डेसिबल उतरवा, ‘सुरी’ला हात लावू नका.