पेज शिजेपर्यंत आठ वचनं

सकाळी बायबल वाचायला म्हणून मोबाइल हातात घेतला की आधी ग्रुपवरचे निरोप, मग मासळीचे भाव, आणि प्रार्थना राहते ती राहतेच. मालवणात आमच्या घरी चाललेला उपाय सांगते.

1. मोबाइल रात्रीच पडवीत चार्जिंगला लावायचा. स्वयंपाकघरात छापील बायबलच.

2. पेजेचं आधण ठेवलं की स्तोत्र 119 उघडायचं. त्यात 176 वचनं आहेत, आठ-आठ वचनांचे 22 भाग. रोज एक भाग, मोठ्याने. सावकाश वाचलं तरी तांदूळ अजून बोटचेपा झालेला नसतो. 22 दिवसांनी मार्काचं शुभवर्तमान घ्या.

3. उरलेल्या वेळात कॅलेंडरच्या चौकटीत एकच नाव लिहायचं, आज ज्याच्याकडे जायचं त्याचं. सेवा म्हटलं की आपल्याला लांबचं काहीतरी सुचतं. आमच्या चौकटीत बहुतेकदा शेजारची म्हातारी असते. पेजेचा डबा न्यायचा, घटकाभर बसायचं, ती म्हणाली तरच प्रार्थना करायची.

नाव पेन्सिलीने लिहा, पावसात सर्दावलेल्या कागदावर शाई फुटते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पुरुषमाणसं घरात, त्यामुळे तेव्हा चहाच्या आधीच उरकलेलं बरं.

आणि एक, चुकलेला दिवस भरून काढायला सोळा वचनं वाचू नका. मी वाचली होती. पेज तळाला लागली.