रात्री दहाला सगळ्यांचे एसी एकदम चालू, मग व्होल्टेज पडतं? हे करून बघा

मे महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये रात्री दहा वाजले की प्रत्येक फ्लॅटचा एसी चालू होतो आणि लाईट मिणमिणायला लागतात, म्हणून आम्ही आता असं करतो.

१. पश्चिमेच्या खिडकीचे पडदे दुपारी बारापासूनच बंद, खरा फरक इथेच पडतो कारण भिंती तापल्या की एसी कितीही दमला तरी खोली गार होत नाही.

२. संध्याकाळी बाहेर गार झालं की खिडक्या उघडून आतली गरम हवा जाऊ द्यायची.

३. नऊलाच खिडक्या लावून एसी २४ वर, दहाला २७ करून पंखा चालू.

फक्त लाईट जाऊन आली तर एसी लगेच लावू नका, पाचेक मिनिटं थांबा, कॉम्प्रेसरवर ताण येतो.