शोवा किनेन उद्यानात फुलं बघायला जाताय? या चुका टाळा

तोक्योच्या पश्चिमेला ताचिकावा इथे हे उद्यान आहे. अमेरिकी लष्कराने 1977 मध्ये परत केलेल्या हवाई तळाच्या जमिनीवर ते 1983 साली खुलं झालं. लोकांसाठी खुला असलेला भाग 160 हेक्टरांहून जास्त आहे. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहून 'जपानी बाग म्हणजे तासाभराचं काम' असं ज्यांच्या मनात बसलंय, त्यांनी हिशोब करावा. ते उद्यान सुमारे 10 एकरांचं आहे. इथे तशी चाळीस मावतील. बहुतेक चुकांचं मूळ हा आकार लक्षात न घेण्यात आहे.

चुकीचं दार

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नकाशात 'ताचिकावा' दिसतं, शिन्जुकूहून चुओ मार्गाची गाडी थेट तिथे येते, म्हणून माणसं तिथेच उतरतात. तिथून तिकिटाचं ताचिकावा दार पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. नेमोफिलाच्या इवल्या निळ्या फुलांसाठी एप्रिलच्या शनिवारी आलेल्या एखाद्या कुटुंबाचा दिवस मग कसा जातो ते बघा. सोबत आजी आहेत, बाबागाडी आहे. साडेअकराला स्टेशन, पावणेबाराला दार. आत शिरल्यावर समोर लांबलचक कालवा आणि दुतर्फा गिंको. झाडं सुंदर आहेत, पण एप्रिलमध्ये हिरवीगार, फुलाचं नाव नाही. फुलांचा डोंगर, म्हणजे 'हाना नो ओका', उद्यानाच्या उत्तर टोकाला. वाटेत मुलांना भूक लागते, मग खेळाची जागा दिसते, आजींचे गुडघे बोलू लागतात. फुलांपाशी पोचेपर्यंत तीन वाजतात, आणि परतीची तेवढीच चाल डोक्यावर असल्याने पंधरा मिनिटांत फोटो काढून निघावं लागतं. सगळा दिवस चालण्यात गेला, फुलं मात्र पाव तास.

उपाय सोपा आहे. ताचिकावाला ओमे मार्गाची गाडी पकडून एकच स्टेशन पुढे जा आणि निशि-ताचिकावाला उतरा. उद्यानाचं दार दोन मिनिटांवर आहे. ट्युलिपचं 'केइर्यू हिरोबा' तिथून जवळ, पाण्याच्या कडेला. हाना नो ओका तिथूनही अर्ध्या तासाच्या चालीवर आहे, पण दमछाक बरीच वाचते. सोबत वयस्कर माणसं असतील तर उद्यानातल्या छोट्या गाडीचं वेगळं तिकीट बिनधास्त काढा, इथे काटकसर करू नका. धडधाकट असाल तर दाराशीच भाड्याने सायकल मिळते. सायकलींचा वेगळा रस्ता 14 किलोमीटरचा आहे. पायवाटांवर सायकल नेता येत नाही, ती ठरलेल्या जागी लावून फुलांपर्यंत चालत जायचं.

नोव्हेंबरात गिंको पिवळे होतात तेव्हा मात्र हाच सल्ला उलटा. त्या वेळी ताचिकावा दारच बरोबर, कारण कालव्याकाठची पिवळीधमक रांग आत शिरताच समोर येते. म्हणून आधी फूल ठरवा, मग दार. हा क्रम चुकवून 'जाऊ आणि बघू' म्हणणाऱ्यांना हे उद्यान दमवतंच.

फोटो बघून तारीख ठरवणं

कासला डिसेंबरात जाऊन पठारावर फुलं शोधण्यासारखं आहे हे. तिकडे निदान पठार आपल्या जागी असतं. इथले वाफे लावलेले असतात. नेमोफिला साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, पॉपी मे महिन्यात, कॉसमॉस सप्टेंबर-ऑक्टोबरात. बहर संपला की झाडं उपटून जमीन पुढच्या पेरणीसाठी नांगरतात. जूनमध्ये गेलात तर उघडी माती दिसेल, आणि त्यात उद्यानाचा काहीच दोष नाही.

साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या बाबतीत घोटाळा शब्दांचा होतो. बातमीत 'काइका' झालं असं ऐकून लोक दुसऱ्याच दिवशी निघतात. तोक्योत काइका म्हणजे यासुकुनी देवळातल्या नमुन्याच्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली, एवढंच. 'मानकाइ', म्हणजे ऐंशी टक्क्यांहून जास्त कळ्या उघडलेल्या, त्याला पुढे साधारण आठवडा लागतो. शिवाय ताचिकावा तोक्योच्या मध्यभागापासून लांब, आतल्या भागात आहे, तिथलं वेळापत्रक तिथलंच बघायचं. उद्यानाच्या संकेतस्थळावर प्रत्येक फुलाची स्थिती लिहिलेली असते. 'साकिहाजिमे', म्हणजे उमलायला लागली, दिसलं तर थांबा, 'गोबुझाकी' म्हणजे निम्मं उमललेलं, 'मिगोरो', म्हणजे ऐन बहर, दिसलं की निघा. 'चिरिहाजिमे', म्हणजे गळायला लागली, असं असलं तरी वारा नसलेल्या सकाळी जायला हरकत नाही. जमिनीवर पडलेला पाकळ्यांचा थर तेव्हाच बघायला मिळतो. विमानाचं तिकीट सहा महिने आधी काढणाऱ्यांनी एकाच फुलावर सगळी आशा ठेवू नये. साकुरा हुकला तर ट्युलिप आहेत, ट्युलिप हुकले तर नेमोफिला.

उद्यानच चुकणं

आभाळाला टेकलेली निळी टेकडी फोटोत पाहिली असेल, तर ती बहुधा इबाराकी प्रांतातल्या हिताची सीसाइड पार्कची आहे. तिथे सुमारे 53 लाख नेमोफिला लावतात. ते ठिकाण तोक्योच्या दुसऱ्या दिशेला, कात्सुता स्टेशनवरून पुढे बसने जाण्याइतकं लांब आहे.

बाकीच्या, थोडक्यात

चुओच्या गाडीतले 4 आणि 5 क्रमांकाचे दुमजली डबे ग्रीन कार आहेत. वेगळं तिकीट लागतं, आणि चढल्यावर काढलं तर ते जास्त पडतं.

मोठी बॅग घेऊन दारापर्यंत येऊ नका, ती स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा.

मार्च ते ऑक्टोबर उद्यान 5 ला बंद होतं, एप्रिल ते सप्टेंबर शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी 6 ला, हिवाळ्यात साडेचारला. बंद व्हायच्या वेळी तुम्ही दाराशी असायला हवं, त्यामुळे हाना नो ओकावरून किमान 45 मिनिटं आधी निघा.

शाकाहारी असाल तर स्टॉलवरच्या उदोनवर, म्हणजे रश्शातल्या जाड नूडल्सवर, विसंबू नका. रस्सा बहुतेक वेळा माशाच्या अर्काचा असतो. पोळीभाजीचा डबा घ्या, सतरंजी घ्या, आणि 'मिन्ना नो हाराप्पा'च्या 11 हेक्टर हिरवळीवर बसून जेवा. सतरंजीवर बूट काढूनच. कचऱ्याची पिशवी सोबत परत न्यायची.

सतरंजी साकुराच्या बुंध्याला चिकटवून पसरू नका. त्याची मुळं उथळ असतात, माती तुडवली गेली की झाड खंगतं. फांदी ओढून चेहऱ्याशी आणणं तर सोडूनच द्या. साकुराची जखम सहज कुजते. 'साकुरा छाटणारा मूर्ख, उमे (जपानी आलुबुखार) न छाटणारा मूर्ख' अशी म्हण जपान्यांनी त्यावरूनच केली आहे. चांगल्या फोटोसाठी दोन पावलं मागे सरा आणि फांदी आहे तिथेच राहू द्या.